गाळलेला परिच्छेद

वयाच्या शहात्तराव्या वर्षीही त्यांना सगळे धाकटे म्हणायचे. त्यांच्याहून थोरलं असं आता घरात कोणी उरलं नव्हतं, आणि ग्रंथालयात त्यांच्याबरोबर नोकरी केलेली निम्मी माणसं केव्हाच वरच्या वाटेला लागली होती. तरी नाव काही सुटलं नाही. कारण साधं होतं. त्या ग्रंथालयात आधी त्यांचा भाऊ कारकून होता. एक दिवस तो घर सोडून गेला आणि त्याच्याच खुर्चीवर हे येऊन बसले. त्या दिवशी शिपाई हसत म्हणाला होता, "थोरले गेले, धाकटे आले!" खळ चांगली असली की चिठ्ठी पुस्तकातून निघत नाही, तशी ती हाक सत्तावन्न वर्षं चिकटून राहिली.

निवृत्तीनंतरचा त्यांचा दिवस घड्याळासारखा होता. दुपारी तीनला चहा, आणि चहाचे कप विसळून झाले की खिडकीपाशी बसून बायकोला पुस्तक वाचून दाखवायचं. काचबिंदूने बायकोची नजर दोन वर्षांपूर्वी पूर्ण गेली होती. डोळे गेले तरी जीभ शाबूत आहे, असं ती स्वतःच म्हणायची. चौतीस वर्षं ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून तिने अनोळखी लोकांची लग्नं, मयतं आणि भांडणं जोडून दिली होती.

"पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं," ती सांगायची.

"मग मी तुला बघायला आलो तेव्हा माझा श्वास ऐकला नाहीस?"

"तुम्ही श्वास घेतच नव्हतात. मला वाटलं, लाजताय."

यावर धाकटे हसायचे. पण थोडं उशिरा हसायचे.

त्या वर्षी त्यांच्या चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी मोडली होती. दुकानात जायचं म्हणजे चार माणसांशी बोलणं आलं, म्हणून त्यांनी ती तांब्याच्या बारीक तारेने बांधून टाकली. बायकोला सांगितलं नाही. तिला दिसणार थोडंच होतं.

अशातच नव्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"काका, मागची भिंत रिकामी करायची आहे. संगणक बसवायचेत. तीर्थयात्रा आणि संन्यास, दोन्ही विषयांची मिळून दोनशेच्या वर पुस्तकं आहेत. गेल्या सात वर्षांत तुमच्याखेरीज एकानेही नेलेली नाहीत. बाद करायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाका."

धाकटे कापडी पिशवी घेऊन गेले. मागची भिंत म्हणजे लोखंडी मांडण्यांची एक लांब रांग होती. वर एकच ट्यूबलाइट, तीही पेटताना खोकणारी. पुस्तकांना जुन्या कागदाचा, किंचित आंबूस वास होता. बाई स्टुलावर चढून वरच्या खणातली धूळ झटकत होत्या.

"इतकी यात्रावर्णनं वाचलीत, काका, एकदा तरी गेलात का कुठे?"

"नाही बुवा. गर्दी सोसत नाही."

"म्हणजे घरबसल्या मोक्ष!"

"मोक्ष कसला. पायसुद्धा दुखले नाहीत."

बाई हसल्या. ते मात्र मान खाली घालून पुस्तकांच्या पाठी वाचत राहिले. ही पुस्तकं आपण का वाचतो हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. बुजऱ्या माणसाची हीच तर सोय असते.

पहिल्या खेपेला त्यांनी अजून वाचायची राहिलेली चार पुस्तकं आणली. त्यातलं पहिलं एका निवृत्त इंजिनियराने लिहिलेलं होतं. डोंगरातल्या एका तीर्थाची पायी यात्रा, पुलांची मापं आणि उतारांचे अंश यांच्यासकट. बायकोला ते आवडलं. "हा माणूस देवळाचासुद्धा पाया तपासतो," ती म्हणाली. तिसऱ्या दुपारी धाकटे वाचता वाचता एका मठापाशी पोचले. मग त्यांचे डोळे पुढच्या परिच्छेदावर गेले आणि आवाज थांबला.

तिथे छापलं होतं: *मठाच्या दगडी पायरीवर एक तरुण बसला होता. जवळ काळी छत्री. छत्रीला निळ्या रेघांच्या कापडाचे चौकोनी ठिगळ. दीक्षा घ्यायला आलास काय, असे मी विचारले. तो म्हणाला, घरून उत्तर यायचे आहे.*

"लाइन तुटली का?" बायकोने विचारलं. ते वाचताना थांबले की ती नेहमी असंच म्हणायची.

"पान चिकटलंय," धाकटे म्हणाले, आणि त्याखालच्या परिच्छेदापासून पुढे वाचू लागले. पाऊस थांबला, मंडळी निघाली, पुढच्या पुलाची लांबी एकशे दहा फूट.

आवाज त्यांनी हलू दिला नाही. ही कला त्यांना फार पूर्वीपासून अवगत होती.

ती कला त्यांना कशी अवगत झाली, ते सांगायला हवं. भाऊ घर सोडून गेला त्याला वर्ष झालं होतं, तेव्हा त्याचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद धाकट्यांनीच वाचून दाखवायचा, असा रिवाज पडला होता. पत्र आठ ओळींचं होतं. भावाला संन्यास घ्यायचा होता, पण मठाचा नियम होता की आई हयात असेल तर तिचा होकार हवा. *आईला विचार,* त्याने लिहिलं होतं. *ती हो म्हणाली तर एका ओळीत कळव. नाही म्हणाली तर मी परत येतो. तुझं उत्तर येईपर्यंत मी इथे पायरीवर आहे.*

आई चुलीपाशी हात पुसत उभी होती. "वाच की रे."

धाकटे तेव्हा वीस वर्षांचे होते. भावाच्या जागी हंगामी म्हणून लागले होते आणि कायम झाल्याचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. आई नाही म्हणाली तर भाऊ परत येणार. भाऊ परत आला तर खुर्ची त्याची. हा विचार त्यांनी केला असं म्हणणंही बरोबर नाही. तो विचार त्यांच्या आधीच तिथे येऊन बसला होता. त्यांनी पत्रावर नजर ठेवली आणि तोंडाने वाचलं, "मी खुशाल आहे. इथे हवा चांगली आहे. काम मिळालं आहे. काळजी करू नये."

डोळे एक वाचत होते आणि तोंड दुसरं बोलत होतं. जमलं.

मग ते रोजच जमवावं लागलं. आई पत्र उशीखालून काढायची आणि म्हणायची, "पुन्हा वाच." सहा वर्षं. ती इतकी पक्की झाली होती की शब्द इकडचा तिकडे झाला तर टोकायची, "काल हवा आधी होती." शेवटच्या दुखण्यात एकदा तिने पत्र त्यांच्या हातात दिलं, पण वाच म्हणाली नाही. म्हणाली, "त्याने माझ्याबद्दल काहीच कसं विचारलं नाही रे?"

भावाला त्यांनी ना होकार कळवला, ना नकार. उत्तर म्हणून काहीच गेलं नाही. आईनंतर तीन वर्षांनी त्यांचं लग्न झालं, आणि बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की थोरला भाऊ तरुणपणीच परागंदा झाला. तेव्हापासून ते यात्रावर्णनं वाचत होते. कुठल्या तरी पानावर भाऊ भेटेल, भगव्या कपड्यात, कोणाला तरी वाट दाखवताना, आणि आपण सुटू, एवढीच त्यांची आशा होती.

आणि आता भेटला होता. त्या छत्रीचं ठिगळ आईने धाकट्यांच्या शाळेच्या शर्टाचं लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनियरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठामागचं पान बघितलं. छपाईचं साल भाऊ गेला त्याच्या अकरा वर्षं आधीचं होतं. ग्रंथालयात जाऊन त्यांनी जुनी दाखल नोंदवही काढली. त्या पुस्तकाची ओळ भावाच्याच तिरक्या अक्षरात होती, शेजारी तारीख, तीही तो इथे नोकरीला असतानाची. म्हणजे हे पुस्तक भावाच्या हाताखालून गेलं होतं. धाकटे हिशेबी डोक्याचे. त्यांनी ठरवलं, भावाने हे वाचलं असेल आणि त्यावरूनच त्याला पायरीवर बसायचं सुचलं असेल. निळ्या रेघांचं कापड काय, कोणत्याही घरात असतं. हे पटवून घ्यायला त्यांना घरापर्यंतचा अख्खा रस्ता लागला.

दुसरं पुस्तक एका विधवा शिक्षिकेचं होतं. एका मोठ्या नदीची पायी प्रदक्षिणा. वेगळा मुलूख, वेगळी बोली. पायांच्या फोडांबद्दल ती बाई फार छान लिहीत होती आणि बायको ऐकता ऐकता आपलेच पाय चोळत होती. साठाव्या पानावर नदीकाठचा एक मठ आला. धाकट्यांनी आधीच चार ओळी पुढे पाहिलं.

*पायरीवर एक गृहस्थ बसले होते. केस पांढरे होऊ लागलेले. ठिगळाची छत्री मांडीवर आडवी. मी म्हटले, दादा, आत का येत नाही? ते म्हणाले, धाकट्याचे उत्तर यायचे आहे.*

त्यांनी चहाचा घोट घेतला. ओठ कपाला लावून तो परिच्छेद संपवला आणि पुढे सुरू केलं, "पहाटे पुन्हा नदी लागली…"

या वेळी बायको काही म्हणाली नाही.

संध्याकाळी जेवताना तिने ताट चाचपून वाटी जागेवर आहे का पाहिलं आणि सहज विचारलं, "अहो, त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"कोणत्या?"

"पायरीवरच्या. छत्रीवाल्या."

धाकट्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "मी… मी वाचलं का ते?"

"मग मी काय स्वप्नात ऐकलं? आवाज जरा बसला होता तुमचा, पण ऐकू आलं."

रात्रभर ते स्वतःलाच विचारत राहिले. वाचलं असेल. म्हातारपणी तोंडातून निसटतं काहीबाही. त्यांचा स्वतःवर विश्वास तसाही कधी नव्हता, त्यामुळे हे मान्य करणं सोपं गेलं. पण ओठ तर कपाला होते.

सकाळी पुस्तक घेऊन ते ग्रंथपाल बाईंकडे गेले. "हे पान जरा वाचता का? माझा चष्मा नीट नाही."

बाईंनी वाचलं. "हो, कोणीतरी पायरीवर बसलंय. मग?"

"छत्री आहे?"

"आहे की. ठिगळाची." त्यांनी मान वर केली. "काय झालं, काका? चेहरा का असा झालाय?"

"छपाईचं साल काय आहे?"

बाईंनी पान उलटलं. ते साल भाऊ गेला त्याच्याही नऊ वर्षं आधीचं होतं. धाकटे पुस्तक घेऊन पुन्हा मागच्या भिंतीकडे गेले आणि बराच वेळ तिथे नुसते उभे राहिले.

आता त्यांनी एक ठरवलं. असली पुस्तकं घरी न्यायचीच नाहीत. काय वाचायचं ते इथेच, उभ्याने, मनातल्या मनात. त्यांनी खालच्या खणातून संन्यासदीक्षेच्या नियमांचा एक जाडा ग्रंथ काढला. रुक्ष, कलमावार लिहिलेला. दीक्षेआधी माणसाने स्वतःचं श्राद्ध स्वतः करायचं, मागचं नाव टाकायचं, आईच्या पाया पडून तिची परवानगी घ्यायची. या कलमाखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती.

*एकाला होकार मिळाला नाही आणि नकारही मिळाला नाही. त्यास आत घेता येईना, घरी पाठविता येईना. पुढे तो म्हातारा झाला. त्याचे श्राद्ध त्याने केलेले नाही आणि दुसऱ्या कोणास करता येत नाही. आम्ही शोध केला. उत्तर सापडले नाही.*

त्यांनी ग्रंथ मिटला, जागेवर ठेवला, त्याची पाठ भिंतीच्या बाजूने केली. आणि घरी नेण्यासाठी देवळांच्या बांधकामावरचं एक पुस्तक निवडलं. त्यात माणसं नव्हतीच. नुसते खांब, तुळया आणि आकृत्या.

तीन वाजले. चहा झाला. धाकट्यांनी खांबांचे प्रकार वाचायला घेतले. चौकोनी, अष्टकोनी, वर्तुळाकार. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. बायको पाय पोटाशी घेऊन, शाल पांघरून ऐकत होती.

"ती तळटीप वाचली नाहीत," ती म्हणाली.

"या पुस्तकात तळटीपा नाहीत."

"यातली नव्हे."

बाहेरची गाडी सुरू झाली आणि निघून गेली. धाकट्यांनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

"म्हातारा झाला म्हणे तो," बायको सावकाश बोलली. तिचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता. जुन्या दिवसांत यंत्र कानाला लावून बसायची तसा, किंचित वर, भिंतीकडे होता. "अहो, सत्तेचाळीस वर्षं मी तुमच्याशी संसार केला. तुम्ही काहीतरी गाळता हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मी विचारलं नाही. म्हटलं, ज्याचं त्याला जड असतं. पण आता मला ते दोन्ही लाइनींवर ऐकू येतंय, तुम्ही वाचता ते आणि गाळता तेही. काय आहे ते सांगून टाका."

धाकटे उठले. कपाटाच्या वरच्या खणात एक जुना शब्दकोश होता, त्याच्या मधल्या पानांत ते पत्र होतं. घड्यांवर विरलेलं. त्यांनी ते उलगडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, जे लिहिलं होतं तेच वाचलं. आठ ओळी. वाचायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग बाकीचं सांगितलं. खुर्चीचं, उशीचं, आईने शेवटी काय विचारलं त्याचं.

 बायको रडेल, नाहीतर चिडेल, असं त्यांना वाटत होतं. तिने एवढंच म्हटलं, "हो नाही तर नाही तरी म्हणायचं होतंत हो. रिंग वाजत ठेवून उठून गेलात."

"भीती वाटली."

"कोणाची?"

धाकट्यांनी पत्राची घडी पुन्हा घातली.

"लिहा आता," ती म्हणाली.

"कोणाला? तो ऐंशीच्या पुढे गेला असेल. तो मठ तरी आहे का नाही, कोणाला ठाऊक."

"तुम्ही चाळीस वर्षं काय केलंत? ज्याला जे हवं ते त्याच्या पानावर नेऊन पोचवलंत. तेच करा. आणि तुमच्या आईच्या नावाने हो म्हणू नका. तो हक्क तुम्हाला नाही."

धाकट्यांनी एका कार्डावर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी जे राहिलं ते असं होतं:

*दादा, तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. ती काय म्हणाली असती, मला माहीत नाही. ती गेली. आता तुला कोणाला विचारायचं उरलेलं नाही.*

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनियरचं पुस्तक परत नेलं, कार्ड त्या मठाच्या पानात ठेवलं, आणि पुस्तक मागच्या भिंतीवर त्याच्या क्रमांकाच्या जागी सरळ उभं केलं.  घरी येताना त्यांना हलकं वाटत होतं. चार वर्षांपूर्वी दाढ काढली होती तेव्हा असंच वाटलं होतं.

आठवड्याने बाईंचा पुन्हा फोन आला. मागची भिंत रिकामी झाली होती. रद्दीची गाडी येऊन सगळी पुस्तकं घेऊन गेली होती.

"सगळी?"

"सगळी. एक राहिलंय तेवढं. तुमचं ते जुनं टेबल हलवलं ना, त्याच्या मागे भिंतीला टेकून पडलं होतं. दाखल क्रमांक आहे, पण नोंदवहीत त्या क्रमांकापुढची ओळ कोरी. म्हणजे आमचं नाहीच ते. घेऊन जा तुम्ही."

पुस्तक पातळ होतं, पुठ्ठ्याची बांधणी, साल नव्हतं. आतल्या पानावरचा क्रमांक तिरक्या अक्षरात लिहिलेला. कोणा यात्रेकरूने स्वतःच्या खर्चाने छापलं असावं. धाकट्यांना ते न्यायचं नव्हतं. पण तिथे ठेवायचं धाडसही झालं नाही.

"नवीन आहे?" बायकोने वासावरून विचारलं.

"जुनंच आहे."

"वाचा."

तीन वाजून गेले होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली. लेखक साधा माणूस होता, वाक्यं छोटी. धर्मशाळा, थंडी, घोंगडी, एका सोबत्याचं दुखणं. विसाव्या पानावर मठ आला. धाकटे थांबले नाहीत. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"*पायरीवर एक अतिवृद्ध माणूस बसला होता. आम्ही पाहत असताना तो उठला. उत्तर आले, असे म्हणाला. छत्री मिटून त्याने पायरीला टेकवून ठेवली आणि तो चालू लागला. आत गेला नाही, गावाकडेही गेला नाही. नदीच्या बाजूने गेला. पाठमोरा बराच वेळ दिसत होता.*"

बायकोने दीर्घ श्वास सोडला. "सुटला बाई," ती म्हणाली.

धाकट्यांच्या चष्म्याची काच धुरकट झाली. त्यांनी तो काढून सदऱ्याला पुसला. तारेचं टोक बोटाला टोचलं. चष्मा पुन्हा चढवून त्यांनी पान उलटलं.

पुढचा परिच्छेद लहान होता.

*ती पायरी रिकामी राहत नसावी. दुसऱ्या सकाळी तिथे एक म्हातारा येऊन बसलेला दिसला. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. मांडीवर कागद. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. कोणाची वाट पाहता, असे विचारले. तो म्हणाला, आईची. तिला एक पत्र वाचून दाखवायचे राहिले आहे.*



धाकट्यांनी तो परिच्छेद डोळ्यांनी दुसऱ्यांदा वाचला. मग तोंड उघडलं, आणि आवाज जराही हलू न देता खालच्या ओळीपासून सुरुवात केली. "त्यानंतर आम्हाला परतीची गाडी मिळाली. हवा चांगली होती…"

लाइन तुटली का, असं बायकोने विचारलं नाही.

तिने पायांवरची शाल ओढून घेतली, चाचपत तिची चौपदरी घडी केली, आणि ती त्यांच्या आवाजाच्या दिशेने पुढे धरली.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "दगड गार असतो."